काशीत काय सोडलंस?

नसीमच्या सायकलचं पुढचं चाक माझ्या रांगोळीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं. मी मान वर केली नाही. चातुर्मासात माझा गोपद्मांचा नेम असतो. रोज सकाळी उंबऱ्याबाहेर रांगोळीनं गाईची पावलं काढायची आणि शेवटचं पाऊल पुरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. नसीमला हे ठाऊक होतं. मिरजेच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो.

"बरंच झालं," ती सायकलवरून उतरत म्हणाली. "तुला बोलता येत नाही तोवर मी बोलून घेते. मधेच नाही म्हणायची सोय नाही."

मी चिमटीतली रांगोळी सोडत राहिले.

"हेमाचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली. आता मी आणि उज्ज्वला, दोघीच उरलो. चाळिशीपुढच्या बायकांची शर्यत आहे, तिघी-तिघींचा संघ. सांगली ते तासगाव आणि परत. दिवाळी झाली की लगेच. तिसरी नसेल तर आमचं नावच घेणार नाहीत. आख्ख्या जिल्ह्यात शोधलं बघ. रेसिंगच्या सायकलवर कधीतरी बसलेली, चाळिशी ओलांडलेली आणि हाडं अजून जागेवर असलेली बाई. एकच सापडली. ती खाली बसून गाईचे पाय काढतीय."

शेवटचं पाऊल झालं. हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि भिंतीचा आधार घेऊन उठले. दोन्ही गुडघे कटकन वाजले.

"वाजतायत म्हणजे आहेत अजून," नसीम म्हणाली.

"नसीम, मी शर्यत सोडलीय. काशीत."

"माहितीय. इतकी वर्षं तेच ऐकतीय. सोडलेली वस्तू परत मागता नाही का येत? एवढी मोठी गंगा, ती काय तुझं एकटीचं लक्षात ठेवून बसलीय?"

"तसं नसतं गं."

"मग कसं असतं?"

मी तिला आत घेतलं आणि चहा टाकला.

आमच्याकडे काशीला गेलेलं माणूस गंगेत उभं राहून आपल्या आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडून येतं. कुणी फणस सोडतं, कुणी वांगं, कुणी आवडता रंग. परत आल्यावर भेटायला येणारा पाणी प्यायच्या आधी विचारतो, "काशीत काय सोडलंत?" मी बावीस-तेवीस वर्षांची असताना आई, अण्णा आणि मी, असे तिघं काशीला गेलो. तेव्हा मी राज्याच्या संघात होते. पेपरात फोटो यायचे. कंबरभर पाण्यात उभं राहून गुरुजींनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "सायकलची शर्यत सोडली." आईला वाटलं होतं, मी आंबा म्हणेन. आंब्याच्या दिवसांत मी पोळीला हात लावत नसे, ताटात नुसता रस. पण मी शर्यत म्हटलं. गुरुजींनीसुद्धा एकदा वळून पाहिलं.

माझ्यानंतर अण्णांची पाळी. ते पाण्यात नुसतेच उभे राहिले. गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारल्यावर एकदम म्हणाले, "शेपू."

अण्णा शेपूला कधी हात लावत नसत. भाजी चिरताना नुसता वास आला तरी ते अंगणात जाऊन बसत. त्यामुळे पुढं अण्णा असेपर्यंत आमच्या घरात हा थट्टेचा विषय होऊन बसला. कुणी पाहुणा आला आणि काशीचं निघालं की आई म्हणायची, "ह्यांनी शेपू सोडली हो. केवढा तो त्याग. न आवडणारी वस्तू देऊन देवाला फसवून आले." अण्णा पेपर तोंडासमोर धरायचे. मग पाहुणे माझ्याकडे वळायचे आणि त्यांचा आवाज खाली यायचा. "आणि हिनं बघा. एवढी नाव काढलेली मुलगी, सायकलच सोडली. ह्याला म्हणतात सोडणं."

मी मान खाली घालून उठून जायची. सगळ्यांना तो विनय वाटायचा.

"साखर कमी आहे," नसीम म्हणाली. "शर्यत सोडलीस ना? सायकल नाही ना सोडलीस?"

"शर्यत म्हटलं होतं मी."

"झालं तर मग. सरावाला ये. सराव म्हणजे शर्यत नाही. तिघी असल्याशिवाय चाकामागं चाक ठेवायचं आम्हाला कळत नाही. दुसरी कुणी मिळाली की तू तुझी मोकळी."

"आणि नाहीच मिळाली तर?"

तिनं कप खाली ठेवला.

"सुहास, तू होतीस तोवर मी सगळीकडं दुसरी यायची. तू सोडलीस आणि मी पहिली यायला लागले. घरी कपाट भरून कप आहेत. त्यातला एकही मला माझा वाटत नाही बघ. आता पहिलं-दुसरं काही नको. एकदा तुझ्यासोबत रेषेवरून जायचंय. एवढंच."

आमचे हे त्यांचं औषधाचं दुकान उघडायला निघाले होते. दारात चपला घालताना म्हणाले, "जा सरावाला. पाठीचं मलम घरचंच आहे."

*

हेमाचीच सायकल मला दिली. बसायची सीट खाली घेतली, हँडल वर घेतलं. अंगात घट्ट विजार आणि वर ह्यांचा जुना सदरा, मंगळसूत्र आत खोचलेलं. पहिल्या दिवशी मी विश्रामबागच्या चौकापर्यंत गेले आणि उतरून झाडाला धरून उभी राहिले. मांड्या थरथरत होत्या. घशाला लोखंडाची चव आली होती.

उज्ज्वला कोरे एका शाळेत चित्रकला शिकवायची. आमच्यात धाकटी, स्वभावानं खट्याळ. ती माझ्याकडं वाकून बघत म्हणाली, "ताई, तुमच्याबद्दल ऐकून होते. नॅशनलला खेळलात ना?"

"खेळले होते."

"कोणत्या शतकात?"

नसीम इतकी हसली की तिला सायकल झाडाला टेकवावी लागली. मलाही हसू आलं, पण हसायला दम नव्हता.

असा सराव सुरू झाला. पहाटे अंघोळ, पूजा, गोपद्मं, मग सायकल. घरी आल्यावर स्वयंपाक. दुपारी पोथी वाचायला बसले की ओळी एकमेकींत मिसळायच्या. चतुर्थीला उपास असायचा. त्या दिवशी नसीम माझ्यापुढं राहून सगळा वारा अंगावर घ्यायची आणि मागं न बघता ओरडायची, "रोज्यात मी सायकल मारते, तू साबुदाण्यावर मार." मी म्हणायची, चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत साबुदाणाही नसतो. "मग देवाचं नाव घे," ती म्हणायची.

तिघींच्या शर्यतीची रीत सोपी असते. एकामागं एक, चाकाला चाक लावून जायचं. पुढची वारा फोडते, मागच्या दोघी तिच्या आडोशाला. पुढची दमली की बाजूला होऊन शेवटी येते. वेळ मात्र तिसरीचं चाक रेषेवरून गेल्यावर धरतात. म्हणजे संघाचा वेग सगळ्यांत मंद बाईचा वेग. ती बाई मी होते, हे सांगायची गरज नव्हती.

पुढं जायची माझी पाळी आली की मला अण्णांची लूना दिसायची.

अण्णा रेल्वेत कारकून होते. रोज पहाटे ते लूनावर पुढं आणि मी सायकलवर त्यांच्या मागं, मिरजेहून मालगावच्या रस्त्यानं. लूनाच्या आडोशानं वारा लागत नसे आणि वेग वाढवता येत असे. धुराचा वास, अण्णांचा खाकी स्वेटर आणि त्यांच्या डाव्या हाताशी तो गोल आरसा. ते मागं वळून कधी बघायचे नाहीत, आरशातून बघायचे. पहिली काही वर्षं मला त्या रस्त्याचं वेड होतं. मग एक दिवस ते नाहीसं झालं. कधी, ते मला कळलंही नाही. बुटाची नाडी बांधताना रडू यायचं. रात्रभर झोपून उठलं तरी अंग झोपलेलं नसायचं. रस्त्यावर मी फक्त दगड मोजायची. किती राहिलं, अजून किती राहिलं. बक्षीस घेतानाही वाटायचं, आता परत जाऊन उद्या पहाटे उठायचंय.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांनी माझ्यासाठी कर्ज काढून सायकल घेतली होती, ओव्हरटाइम केले होते. त्यांना काय सांगणार? मग काशी आली. गंगेत उभं राहून सोडलेल्या वस्तूबद्दल कुणी का म्हणून विचारत नाही.

तिथून परत आल्यावर मी नेमधर्मात रमले. कुणाला वाटतं, नेम म्हणजे जाच. मला तो विसावा वाटला. सोमवार, चतुर्थी, एकादशी, चातुर्मास. नेमात घड्याळ नाही, आणि कुणी कुणाच्या पुढं जात नाही.

*

तिसरी बाई मिळाली नाही. मिळणार नाही हे नसीमला पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. दिवाळीच्या आधी नावं द्यायची होती. सराव संपल्यावर ती म्हणाली, "शनिवारी नाव द्यायचंय. तू सांगशील ते. नाही म्हणालीस तरी तुझ्याकडं चहाला येईनच, पण साखर घाल."

मी इथल्या देवळातल्या गुरुजींना विचारायचं ठरवलं होतं. रिक्षात बसल्यावर मात्र मिरजेला आईकडं चल म्हटलं.

आई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. अण्णांना जाऊन तेव्हा पाचसहा वर्षं झाली होती. तिच्यासमोर हिरव्या भाजीचा ढीग. पायरीवरच वास आला.

"शेपू?" मी म्हटलं.

"मग? आता कुणाची भीती." तिनं एक काडी मोडली. "ह्यांनी काशीत सोडली आणि घरात बंद झाली माझी. मला लहानपणापासून शेपू आवडते. मुगाची डाळ घालून, वरनं लसणाची फोडणी. सोडली त्यांनी, उपास घडला मला. बस. निवडू लाग."

मी बसले. देठ मोडता मोडता तिला सगळं सांगितलं. नसीम आली, सरावाला गेले, आता शनिवारी नाव द्यायचं. गंगेला दिलेला शब्द. मोडला तर काय, आणि नाही मोडला तर त्या दोघींचं काय. माझ्या हाताला पुन्हा सायकलच्या मुठीचे घट्टे पडले होते. ते तिनं पाहिले.

मग म्हणाली, "काशीला आपण का गेलो होतो, आठवतंय?"

"तुझा नवस होता."

"माझा कसला नवस. ह्यांनी काढलं होतं. मला म्हणाले, काशीला जाऊ, मला एक सोडायचंय. मी म्हटलं, काय? तर म्हणाले, लूना."

"लूना?"

"लूना म्हणजे गाडी नव्हे गं. तुला घेऊन पहाटे जाणं. तुला शिकवणं. त्यांना त्याच्याएवढं दुसरं काही आवडत नव्हतं, तुला तर माहिती आहे. ऑफिसात दिवसभर त्याच गोष्टी. पण त्या आरशात त्यांना रोज तुझा चेहरा दिसायचा. एक दिवस घरी येऊन इथंच बसले, पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, पोरीचा चेहरा विझलाय. मी थांब म्हणाल्याशिवाय ती थांबायची नाही. आणि मला तसं म्हणवत नाही. काशीत सोडतो, म्हणजे परत तोंडातनं 'चल' निघणार नाही."

"मग त्यांनी..."

"तूच आधी बोललीस ना." आईनं सूप हलवलं. "तुझी पाळी आधी आली. तू शर्यत सोडलीस. त्यांनी मनाशी धरून नेलेलं तू त्यांच्या आधीच गंगेत टाकलंस. त्यांच्याकडं सोडायला काही राहिलंच नाही. गुरुजी विचारतायत आणि हे नुसते उभे. मग तोंडात आलं ते बोलले."

"आणि तू त्यांची थट्टा करत राहिलीस."

"त्यांनीच सांगितलं होतं. म्हणाले, लोकांना हसू दे माझ्यावर, म्हणजे तिला कुणी जास्त विचारणार नाही."

ओसरीसमोरून एक गाडी गेली, तिचा आवाज विरेपर्यंत आम्ही दोघी भाजी निवडत होतो. माझ्या हातातली काडी मोडत नव्हती.

"आता तू सांग," आई म्हणाली. "काशीत काय सोडायचं असतं?"

"आवडती वस्तू."

"त्या दिवशी पाण्यात उभी होतीस तेव्हा तुला सायकल आवडत होती?"

मी ती न मोडलेली काडी तशीच सुपात टाकली.

"मग तुझं तरी काय वेगळं होतं. तुझीही शेपूच." तिनं सूप उचललं आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "गंगेला शेपू पोचत नाही. तू काही दिलेलंच नाहीस, तर मोडणार काय? जेवून जा."

"आवडत नाही मला शेपू."

"माहितीय. पिठलं करते."

*

शर्यतीच्या दिवशी थंडी होती. तासगावच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि बागांमधून फवारणीचे ट्रॅक्टर फिरत होते. औषधाचा उग्र वास रस्त्यावर आला होता. आम्ही निघालो आणि वारा समोरून आला. कुमठ्याच्या फाट्यापर्यंत नसीम पुढं होती, मग उज्ज्वला. मग ती बाजूला झाली आणि मी पुढं आले.

समोर काही नव्हतं. लूना नव्हती, खाकी स्वेटर नव्हता. नुसता रस्ता आणि वारा. आरसा असायचा त्या जागी माझी नजर दोनतीनदा गेली. मला वाटलं, मी किती वर्षं त्या आरशाला भ्यायले. मागं पडले तर त्यात दिसेल, म्हणून. त्यात काय दिसत होतं ते आत्ता कळलं.

"ताई, वाऱ्यात झोपलात का?" मागून उज्ज्वला ओरडली.

मी पाय जोरात मारले.

तासगावाहून वळलो तेव्हा वारा पाठीशी आला, पण माझं अंग संपलं होतं. पाय माझे राहिले नव्हते. चढावर त्या दोघी पुढं गेल्या आणि त्यांच्यात नि माझ्यात अंतर पडलं. नसीम मागं वळली. ती माझ्या शेजारी आली, तिनं डावा तळवा माझ्या पाठीवर ठेवला. ढकललं नाही, ढकलणं नियमात बसत नव्हतं. नुसता क्षणभर ठेवला आणि काढला.

"मी जप करतीय तुझा," ती धापा टाकत म्हणाली. "ये, ये, ये."

"जप मनात करतात."

"मग तू मनात ये."

मी पुन्हा तिच्या चाकामागं गेले. रस्त्यावर आमच्या तिघींच्या सावल्या लांबट पडल्या होत्या, एकीची दुसरीत गेलेली. मी त्या बघत होते. मला थकवा होता, असा की डोळ्यांसमोर काजवे यायचे. पण हा तो जुना थकवा नव्हता. दिवसभर घर सारवून, दळून, रांधून संध्याकाळी दिव्याजवळ बसलं की येतो तसा होता. हा झोपलं की जाणारा होता. कधीतरी मैलाचा दगड गेला आणि माझ्या लक्षात आलं की मी तो वाचलाच नाही. निघाल्यापासून एकही वाचला नव्हता. किती राहिलं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मग नसीम ओरडली, "सुहास, रेषा." मी मान वर केली तर समोर मांडव होता आणि लोक होते.

आमच्या मागं एकच संघ होता, तोही त्यांच्यातल्या एकीची चेन पडली होती म्हणून. उज्ज्वला रस्त्याच्या कडेला उताणी पडली. नसीम माझ्या सायकलचं हँडल धरून उभी होती, कारण मला उतरता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आलो गं सोबत," ती म्हणाली.

आई मांडवात खुर्चीवर बसली होती, मांडीवर डबा. माझा भाचा तिला रिक्षानं घेऊन आला होता. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. तिनं डबा उघडला, त्यात भाकरी आणि शेपू होती.

"हे मी माझ्यासाठी आणलंय," ती म्हणाली. "तुला दहीभात आहे खालच्या डब्यात." मग माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. अण्णांनी आरशात बघितलं असेल तसंच बघत असावी. "काय गं, शेपू होती की आंबा?"

मी तिच्या डब्यातली चतकोर भाकरी घेतली, शेपूला लावली आणि तोंडात घातली. अजूनही आवडली नाही.

*

पुढच्या वर्षी मी आईला घेऊन काशीला गेले. तिची इच्छा होतीच, आणि माझंही एक द्यायचं राहिलं होतं. इतक्या वर्षांत घाट बदलला होता, पाणी तसंच होतं. आई पायरीवर बसली, मी पाण्यात उतरले. गुरुजी तरुण होते. त्यांनी हातावर पाणी घालून संकल्प सांगितला आणि म्हणाले, "आवडती वस्तू सांगा, माताजी. जी सगळ्यांत आवडते ती."

माझ्या तोंडाशी पहिलं सायकलचंच नाव आलं. अगदी जिभेवर. कुमठ्याच्या पुढचा रस्ता, नसीमच्या चाकाचा आवाज, पहाटेची ती थंडी, सगळं एकदम. मी ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी कंबरेपर्यंत होतं आणि थंड होतं. गुरुजींनी पुन्हा विचारलं.

"आंबा," मी म्हटलं.

वर आले तेव्हा आईनं माझं डोकं तिच्या पदरानं पुसलं, लहानपणी पुसायची तसं. मी गप्प उभी राहिले होते तेवढा वेळ तिनं पाहिलं होतं. नुसती म्हणाली, "आता पोचलं."

त्याला आता बरीच वर्षं झाली. आई नाही. मी आणि नसीम अजून पहाटे निघतो, आता शर्यतीला नाही, पण निघतो. गोपद्मं काढून होईपर्यंत ती फाटकाबाहेर उभी राहते आणि एकटीच बोलत राहते. उन्हाळ्यात तिच्या माहेरहून आंब्याची पेटी येते. सायकल मारून आलो की ती माझ्या ओट्यावर बसते, आंबा पिळते आणि कोपरापर्यंत ओघळ येऊ देत चोखून खाते. मी समोर बसून ताक पिते. वास सगळ्या ओट्यावर भरलेला असतो.

"ह्या वर्षी काही गोड नाहीत गं," ती दर वर्षी म्हणते.